चोकची तार

बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा
मी फियाट रंगवली.
बासष्टचं मॉडेल. राखाडी होती,
म्हणजे एकेकाळी पांढरी होती, असं आई सांगते.
मी हिरवी केली, पिस्त्याच्या आतल्या गरासारखी.
बॉनेटखालीसुद्धा, कोपरान् कोपरा.
निघेल ते काढलं, घासलं, रंगवलं, परत आवळलं.
पट्टी सुटेल तेव्हा पहिली हीच दिसावी.

पट्टी उद्या सुटणार.
गाडी सुरू होत नाही.

किल्ली फिरवली की टक्.
बस्स. पुढे काहीच नाही.

ओक्बाय आला, कॅरियरला पेटी बांधून.
"हॉर्न दे." गल्लीतली कबुतरं उडाली.
"दिवे लाव." भिंतीवर दोन चंद्र.
"बॅटरी जिवंत आहे," म्हणाला
आणि तरी तिचीच टोकं घासत बसला,
सोडा, गरम पाणी, कुणाचा तरी टूथब्रश.
टक्.

आईनं कॉफी भाजायला घेतली.

कांदेला काढल्या. स्पार्क प्लगला
अस्मारात अजून हेच म्हणतात, मेणबत्ती.
इटालियन गेले, मेणबत्त्या राहिल्या.
चारही कोरड्या, बिस्किटाच्या कडेसारख्या तपकिरी.
हँडल घालून इंजिन फिरवलं, लोण्यासारखं फिरलं.
समोरच्या हब्तेझ्गींनी स्वतःच्या गाडीचा स्टार्टर
सोडवून दिला, जपून आणा म्हणाले, मूल दिल्यासारखे.
जोडला.
टक्.

ढकलली तर सुरू होते, हेही कळलं.
सहा जणांनी ढकलली, कोपऱ्यापर्यंत गेली, बंद पडली.
"दवाखान्याच्या दारात सहा जण कुठून आणू?"
आई म्हणाली, पहिला पेला पुढे करत.

मग तिलाच सीटवर बसवलं. ती कधी गाडी चालवत नाही,
पण किल्ली फिरवायला काय लागतं?
"फिरव." टक्. "चोक ओढ. फिरव." टक्.
"हे बटण गरम झालंय," ती म्हणाली.
"फिरव."
दुसऱ्या पेल्यालाही म्हणाली. ओक्बाय कार्बोरेटरशी बोलत होता:
डोंगरावरची हवा, विरळ, हिच्यात दमच नाही वगैरे.
तिसऱ्या पेल्याला ती उतरली, त्याच्यासमोर उभी राहिली,
आणि बोट दाखवलं. बोटावर लाल गोल.

ओक्बायनं चोकच्या तारेला हात लावला
आणि झटक्यात काढला.
मग बराच वेळ हसला, स्वतःलाच.

"करंट जाताना जाड तारेनं जातो, राजासारखा," तो म्हणाला,
"पण त्याला घरीही यायचं असतं.
मोठं दार कुणी लावून घेतलं, म्हणून
बिचारा या काडीएवढ्या तारेतून
अंग चोरून येतोय. तापेल नाही तर काय!
इंजिनाला अर्थ मिळत नाहीये."

मी काहीच बोललो नाही.
खाली, इंजिन आणि चासीच्या मधे,
विणलेल्या वेणीसारखा एक पट्टा. त्याचा बोल्ट.
बोल्टखाली माझा पिस्ता.
दोन हात. किती सफाईदार.

सँडपेपर मीच मागितला.
नाण्याएवढं लोखंड उघडं होईपर्यंत घासत राहिलो.
हिरवी पूड नाकात गेली.
ओक्बायनं बोल्ट आवळला, वर ग्रीस फासलं.
आईनं किल्ली फिरवली,
आणि हब्तेझ्गी आपला स्टार्टर परत मागायला
उठले.

दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्याच्या पायरीवर.
एक डोळा नवा, पाणावलेला, उन्हाशी भांडणारा.
गाडीकडे बघितलं. पुन्हा बघितलं.
"कुणाची ही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत बसलेल्या आईनं
किल्ली फिरवली.
बाबा कान करून उभे, डोळे मिटलेले.
"टॅपेट वाजतायत," म्हणाले,
"कधीपासून सांगतोय,"
आणि दाराचं हँडल न चाचपता
बरोबर धरलं.